महादाप्पांचे टायर

महादाप्पांशी माझी ओळख भांडणानं झाली आणि पुढंही आम्ही दुसऱ्या कारणानं फारसे बोललो नाही. धाराशिवला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं जुन्या टायरांचं दुकान होतं. दुकानात मावेनात म्हणून टायर रस्त्यावर आणि थेट माझ्या कुंपणाला टेकवून रचलेले. कुणी हटकलं की पान थुंकून म्हणत, "रस्ता काय तुझ्या बापानं केला व्हय?" नगरपालिकेच्या माणसालासुद्धा हाच प्रश्न.

पूर्वी हे खपून जायचं. आमचा भाग कोरडा. पावसाळा सरला की टायर वाळायचे आणि दिवाळीनंतरच्या थंडीत डास आपोआप कमी व्हायचे. अलीकडं थंडी नावालाच पडते, अवकाळी पाऊस केव्हाही कोसळतो. टायरांत सदानकदा पाणी राहू लागलं. त्यातून अंगावर पांढरे पट्टे असलेले, भर दिवसा चावणारे डास निघू लागले. असले डास आमच्या गल्लीत आधी कुणी पाहिले नव्हते.

ऐन माघात माझ्या मुलीला डेंग्यू झाला. दवाखान्यातून मी तडक दुकानात गेलो. "तुमच्या टायरांपायी माझी पोर मरायला टेकलीय!"

"डासावर माझ्या दुकानाचा शिक्का हाय का?" ते उठून उभे राहिले. "थंडी पडंना, आभाळ फिरलंय, ते बी म्याच केलं का?"

आभाळाचं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. फवारणीवाले आले तेव्हा महादाप्पा पाना उगारून त्यांच्या अंगावर धावले. गल्लीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांची बायको गंगाक्का तेवढी मागच्या दारानं पेज घेऊन माझ्या मुलीला बघायला यायची.

मुलगी बरी झाली. मग गंगाक्का तापानं पडल्या. तोच आजार निघाला. सोलापूरला नेलं, पण त्या वाचल्या नाहीत.

माती झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी महादाप्पा ड्रिल घेऊन टायरांना भोकं पाडत बसले. विकायला काढलेले चांगले टायरही सोडले नाहीत. मी जाऊन एक टायर धरला, तर त्यांनी हिसकावून घेतला.

"लांब हो. तुझं खरं ठरलं, झालं न्हवं समाधान?"

"अक्कांसाठी आलोय," मी म्हणालो.

"ती तुझ्याकडं पेज घेऊन यायची, मला ठाव होतं. म्या आडवलं न्हाय." एवढं बोलून त्यांनी ड्रिल पुन्हा सुरू केलं.

पुढं दुकान विकून ते उमरग्याला लेकीकडं निघाले. निरोपाला गल्लीतलं कुणी गेलं नाही. मी स्टँडवर गेलो, एसटीच्या खिडकीशी उभा राहिलो. "अधूनमधून फोन करा," म्हणालो.

"नगं. तुझं तोंड बघितलं की तुझी पोर जगली, एवढंच आठवतंय मला."

त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.