हिरव्या जोडीच्या मध्ये निळी

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या घरात सुलभाताईंचं देवघर बेसमेंटमध्ये गेलं, कारण वर समई लावली की स्मोक अलार्म बोंबलायचा. खाली समई सुखानं तेवायची, पण वायफाय तिथवर पोचेपर्यंत अर्धमेलं व्हायचं.

रोज सकाळी साडेसातला टॅबलेट समोर ठेवून त्या पोथी वाचत. मिरजेत तेव्हा दिवे लागलेले असत, आणि दृष्टी गेलेल्या अक्का, म्हणजे त्यांची आई, खाटेवर बसून ऐकत. चार ओव्या झाल्या की आवाज तुटे. परत आला की सुलभाताई मागची ओवी पुन्हा घेत, पण बोलत नसत. पोथीत मध्ये बोलायचं नाही, हा अक्कांचाच नियम.

सोमवारी अक्का म्हणाल्या, "गुरुवारपासूनचा सप्ताह यंदा राहू दे गं. तुला झेपत नाही."

वडील गेल्यापासून अकरा वर्षं सप्ताह चुकला नव्हता. सुलभाताईंच्या जिवाला ते लागलं.

"वरच्या राउटरपासून खालपर्यंत तयार केबल आणतो की," त्यांचे यजमान प्रतापराव म्हणाले. पण हीटिंगच्या पाइपाशेजारच्या फटीतून नुसती वायर जात होती, तिच्या टोकाचा प्लग अडकत होता.

"फट मोठी करू?"

"नको. मागल्या वेळी खिळा ठोकलात तर प्लंबर बोलवावा लागला."

मग सुलभाताईंनी मोकळी केबल, प्लग, ते दाबून बसवायचा क्रिंपर आणि टेस्टर मागवला. वायर फटीतून खाली सोडली आणि टोकं सोलली. आत आठ बारीक तारा, पीळ घातलेल्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, प्रत्येकीसोबत तिची पांढऱ्या पट्ट्याची सोबतीण. वाती वळणाऱ्या बोटांना तो पीळ सोडवणं अवघड गेलं नाही. प्लगांबरोबर आलेल्या कागदावर मात्र हिरव्या जोडीच्या मध्ये निळी घुसवलेली होती. छापणाऱ्याचा घोळ असणार, असं म्हणून त्यांनी चारही जोड्या शेजारी शेजारी नीट बसवल्या, दोन्ही टोकांना. टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले.

"उद्यापासून ऑफिसला तूच जा," प्रतापराव म्हणाले.

बुधवारी लावून पाहिलं, तर वायफाय बरं म्हणायची पाळी आली.

संध्याकाळी गिरिजा जेवायला आली. सांगलीच्या कॉलेजातून एमएस करायला आलेली ही मुलगी दर बुधवारी यायची. तिनं पारदर्शक प्लग उजेडात धरला आणि हसायला लागली.

"काकू, जोड्या लावल्यात?"

"मग काय मोडू?"

"हिरव्यांची मोडायची. तिसरी आणि सहावी तार मिळून एक काम करतात, त्या एकाच पिळातल्या लागतात. तुम्ही तिथे दोन परक्या बसवल्यात."

"मग दिवे कसे लागले?"

"टेस्टर फक्त तार पोचली का बघतो. कुणाबरोबर आली, ते नाही बघत."

गिरिजानं आमटी गार होऊ दिली आणि शेजारी बसून राहिली. सुलभाताईंनी दोन्ही टोकं कापली, देवाचं नाव घेत रंग पुन्हा लावले. एक प्लग वाया गेला. दुसरा बसला.

गुरुवारी बाहेर बर्फ पडत होता. पहिला अध्याय सुरू झाला आणि संपला, एक अक्षर न तुटता. पलीकडे अक्कांनी हात जोडले.

"आज कुठे थांबली नाहीस."

"नाही."

"रोज मध्येच गप्प व्हायचीस. पोथीत विचारता येत नाही, नंतर धीर होईना. वाटायचं, पोरीला घरची आठवण येऊन रडू फुटतंय, आणि मी तिला रोज वाचायला बसवते."

"अगं अक्का, वायर नव्हती म्हणून. मी कशाला रडतेय?" म्हणताना सुलभाताईंनी पदरानं डोळे टिपले. अक्कांना ते दिसणार नव्हतं.

"मग उद्या दुसरा अध्याय," अक्का म्हणाल्या. "आणि सावकाश वाच. आज धावत होतीस."

सुलभाताईंच्या वहीत रोज एकाचे आभार असतात. त्या दिवशी गिरिजाचे लिहिले, आणि खाली आठही रंग, ओळीनं.