मोरा बंदरात बुडवलेला नवरा

पनवेलच्या आमच्या महिला मंडळात माझा नवरा दोन वर्षं मेलेला होता. खरं तर तो क्षयाच्या दवाखान्यात होता आणि मी मंडळाचे पापड लाटून त्याच्या खजूर-अंड्यांची सोय बघत होते.

"क्षय म्हटला तर आपले पापड कोण घेईल?" चिटणीसबाई म्हणाल्या. "आणि देणगीदाराला विधवेचंच लवकर पटतं." म्हणून त्यांनी त्याला मोरा बंदरात बुडवलं. स्वच्छ मरण. देणगीदार आले की बाई ही गोष्ट सांगत आणि दर खेपेला समुद्र जास्त खवळे. मी कुंकू पुसायला साफ नकार दिला, तेव्हा पदर भुवयांपर्यंत ओढून मला मागे बसवू लागल्या. पदराआड संताप यायचा. पण पापड बंद तर खजूर बंद.

मग तो बरा होऊन घरी आला. आमच्या गावात, करंजाड्यात, क्षयाचं सगळ्यांना ठाऊक होतं; तिथं त्याचा पेला सगळ्यांनी वेगळाच ठेवला. चिटणीसबाईंना आनंद झाला. "मंडळाच्या इमारतीची देणगी मिळेपर्यंत मात्र तो तुझा भाऊ," त्या म्हणाल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याला पाणी वाटायला बोलावलं.

पाहुण्या होत्या देणगी देणाऱ्या शेटजींच्या पत्नी. माझी गोष्ट ऐकून त्यांनी डोळे पुसले. मग कुंकवाची कुयरी घेऊन ओळीतून निघाल्या, माझ्यापाशी आल्या, "बिचारी" म्हणाल्या आणि मला वगळून शेजारणीकडे वळल्या. भाषणं मी खूप सोसली होती. हे नाही सोसलं. पदर मागे सारला.

"मला पन लावा. माजा नवरा जिता हाय. त्यो बगा, पानी वाटतोय."

सगळ्या बायका त्याच्याकडे वळल्या. तो तांब्या घेऊन उभाच राहिला.

"कालच परत आला हो," चिटणीसबाई जागच्या उठत म्हणाल्या. "मचव्यावाल्यांनी वाचवलं होतं, इतके दिवस पत्ताच नव्हता. मंडळाची पुण्याई." पाहुण्याबाईंना हुंदका आला. त्यांनी मला कपाळभर कुंकू लावलं, आणि इमारतीचं तिथंच पक्कं करून टाकलं.

घरी जाताना मला त्याची लाज वाटत होती. गोष्ट मी त्याला कधी सांगितलीच नव्हती.

"मी बुडालो व्हतो?" त्यानं विचारलं.

"हो."

"म्हंजे पनवेलात क्षयाचं कुनाला ठावं नाय?"

"बाईंबिगर कुनाला नाय."



"मंग बुडालो तेच बरं," तो म्हणाला. "आज सगल्यांनी माज्या हातचं पानी घेतलं."