धुरामागचे अर्बाब

स्वतःची बंदूक उडवून सगळ्यांआधी स्वतःच खोकणारा माणूस अख्ख्या ओमानात एकच आहे, आणि आम्ही त्याचे भाडेकरू आहोत. अल अमेरातमधले आमचे हे घरमालक, त्यांना आम्ही अर्बाब म्हणतो. आजोबांकडून आलेली, कुठल्याशा पलटणीतली जुनी बंदूक त्यांच्याकडे आहे. परवाना चोख, बडदास्त जावयासारखी. काडतुसांत काळी दारू ते स्वतःच्या हाताने भरतात. एक गोळी सुटली की असा पांढरा धूर उठतो, की निशाण राहू द्या, खुद्द अर्बाबच दिसेनासे होतात. आतून नुसता प्रश्न येतो, "सदीक, लगा क्या?" सदीक म्हणजे दोस्त, अर्थात मी. आता खोटं तरी किती वेळा बोलायचं? समोरचा डबा जागचा हलेल तर शपथ! मग दोष कधी वाऱ्याला, कधी उन्हाला, एकदा तर डब्याच्या रंगालाच.

नेम चुकला तरी नळी धुवावीच लागते, कारण या दारूची काजळी लोखंड खाते. त्यासाठी थर्मासात उकळतं पाणी कायम बरोबर. पहिल्याच भेटीत मी ते कहवा समजून कपात ओतून घेतलं, तर अर्बाब ओरडले, "वो बंदूक का है! पहले बंदूक, बाद में मेहमान." त्यांच्या पत्नीने हसत माझ्यापुढे खजूर सरकवले. गंधकाचा वास लागतो म्हणून त्या नवऱ्याचा दिशदाशा, म्हणजे पायघोळ झगा, वेगळा धुतात, आणि धुताना जे बोलतात ते अरबी येत नसूनही मला नीट समजतं.

यंदा मात्र अर्बाबांचा खांदा कामातून गेला. बंदुकीचा दणका आता कायमचा बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगा म्हणाला, मजलिसच्या, म्हणजे बैठकीच्या खोलीच्या, भिंतीवर टांगू, शोभा येईल. अर्बाबांचा चेहराच पडला. जी उडत नाही ती बंदूक त्यांच्या लेखी मेलेली. ईदला गावी डोंगरापाशी नेमबाजीला सगळे जमले, पण हे आपले दूर एका दगडावर जाऊन बसले. तेवढ्यात त्यांच्या पत्नीने बंदूक उचलली, "यल्ला" म्हणून सगळ्यांना बाजूला केलं आणि नेम धरला. धूर विरला तेव्हा डबा गायब! भिंतीचा विषय तिथेच खलास झाला.

सगळ्यांत मोठ्याने अर्बाबच ओरडले. मग कान चोळत माझ्याशेजारी येऊन बसले.

"सदीक, बाजू में रहेगा तो आवाज कितना बडा लगता है," ते पत्नीकडे बघत हळूच म्हणाले. "इतना साल ये इधरही खडी थी."

पलीकडे त्या दुसरं काडतूस भरत होत्या. अर्बाब उठले, आणि दुखरा खांदा सांभाळत त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले.