थापीबुवांचा खांदा

छताला गिलावा करणं भिंतीसारखं नव्हे. खालून वर मारलेला माल छताला धरून राहिला पाहिजे, आणि तो धरतो तो खांद्याच्या जोरावर. चाळीस वर्षं थापीबुवांचा माल कधी खाली पडला नाही. आता मात्र उजवा हात कानाच्या वर जाईना. हात गेला तर छतं गेली, आणि छतं गेल्यावर आपण उरलो कोण, हा घोर त्यांना लागला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, "काका, सांधा झिजलाय. स्टेरॉइडच्या सुईनं सूज लवकर बसते, पण आराम काही आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा. ती सारखी घेता येत नाही. दुसरी सुई जेलची, वंगणासारखी. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. तिसरी तुमच्याच रक्तापासून केलेली. तिची खात्री अजून पुरती पटलेली नाही. झिजलेलं मात्र एकीनंही भरून येत नाही."

"म्हणजे भिंत तीच, नुसती डागडुजी."

"अहो, खांद्यातही भिंतच दिसते का तुम्हाला?" शेजारी बसलेली बायको म्हणाली.

त्यांनी स्टेरॉइड निवडलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांचाच सांधा दिसला. हाडांमधली फट केसाएवढी. तिच्यात सुई अचूक उतरली आणि बुवांच्या मनात आलं, एवढ्याशा जागेवर आपण घरंच्या घरं पेलली!

बाहेर येईतो दुखणं गायब. "हा आराम सुईतल्या बधिरीच्या औषधाचा आहे, दोन-तीन दिवस जोर नको," बाईंनी बजावलं होतं. पण गवंड्याला ओला माल दिसला की थांबवत नाही. बुवा थेट कामावर गेले, परांचीवर चढले आणि अर्धं छत मारून खाली उतरले. संध्याकाळी खांदा पेटला.

"सुई वाया घालवली मी," ते पडल्या आवाजात म्हणाले.

बायकोनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "औषध आतच आहे. त्यांना आता तरी गप्प बसवा," बाई म्हणाल्या.

"ऐकलंत? चाळीस वर्षांत मला जमलं नाही ते."

बुवा गप्प बसले. पाचव्या दिवशी सकाळी बायकोनं फळीवरचा डबा मागितला. बुवांनी डावा हात पुढे केला, मग थबकले. उजवा उचलला. खांदा कुरकुरला, पण हात कानाच्या वर गेला, डबा ओलांडून घराच्या ठेंगण्या छताला टेकला.

"डबा देताय ना?"

"थांब जरा," बुवा हळूच म्हणाले, आणि हात तसाच वर धरून बघत राहिले.