साडूंचं क्रोनोग्राफ

माझे साडू कॉलेज रोडवर दातांचा दवाखाना चालवतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे त्यांचं ऐकून घेणं मला चुकत नाही. मध्यंतरी त्यांनी परदेशातल्या लिलावातून एक जुनं स्विस क्रोनोग्राफ घड्याळ घेतलं. तेव्हापासून ते आमच्याकडे जेवायला आले, की वरणभात निवेपर्यंत सगळ्यांनी घड्याळ बघायचं.

क्रोनोग्राफ म्हणजे आत स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ. माझं सांगून झालं. साडूंना तासभर लागतो. मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या, चावीच्या वर-खाली एकेक बटण. मधला लांबलचक काटा सेकंदकाट्यासारखा दिसतो, पण बारावर ढिम्म उभा असतो. वरचं बटण दाबलं तरच हलतो.

"मग एरवी सेकंद कुठे बघायचे?" बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं.

साडूंनी डावीकडच्या छोट्या तबकडीवर बोट ठेवलं. तिथला काटा त्यांना स्वतःलाही दात बघायचं भिंग लावल्याशिवाय दिसत नाही.

एकदा त्यांनी मागचं झाकण उघडून आतलं यंत्र दाखवलं. खालचं बटण दाबलं की एक इवलीशी हातोडी बदामाच्या आकाराच्या चकतीवर आपटते आणि काटा कुठेही असो, एका झटक्यात शून्यावर येतो. खरं सांगायचं तर ते मला फार आवडलं. "पुन्हा दाखवा," म्हणालो.

"सारखं दाबायचं नसतं हो. झिजतं," असं म्हणून त्यांनी झाकण लावलं.

दाबायचंच नाही असं स्टॉपवॉच मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोन्ही जोडपी माझ्या गाडीनं इगतपुरीला जेवायला निघालो. बायका मागे, साडू माझ्या शेजारी. वाडीवऱ्हे मागे पडल्यावर त्यांनी बाही वर केली. तबकडीच्या कडेनं बारीक आकडे होते. रस्त्यावरच्या एका किलोमीटरच्या दगडाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडाशी पुन्हा दाबायचं. काटा ज्या आकड्यावर थांबेल तो गाडीचा वेग.

"वेग इथेही दिसतो," मी समोरच्या स्पीडोमीटरकडे बोट केलं.

"ते इलेक्ट्रॉनिक झालं, साडूभाऊ. हे शुद्ध यांत्रिक आहे. तुम्ही फक्त स्पीड बदलू नका."

त्यांनी बटण दाबलं. तेवढ्यात पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले.

"ब्रेक मारू नका!"

मी मारला. मागून मेहुणी ओरडली, "अहो, ट्रकखाली घालता का आम्हाला?" साडूंना वाईट वाटलं ते आकडा हुकल्याचं.

घोटीपुढे पाऊस असा कोसळायला लागला, की काचेतून दगड दिसेनात. साडूंनी खिडकी खाली केली, डोकं बाहेर काढलं, ओल्या हातानं बटण दाबलं. पुढच्या दगडाशी पुन्हा दाबलं. "एकसष्ट!" त्यांचा चेहरा काय फुलला होता! मी स्पीडोमीटर बघितला. साठ.

हॉटेलात टेबलाशी बसलो तोवर घड्याळाच्या काचेच्या आतून वाफ धरली होती. या जुन्या घड्याळांना पाणी चालत नाही आणि ओलं असताना बटण तर मुळीच दाबायचं नसतं. हे आम्हाला साडूंनीच कितीतरी वेळा सांगितलं होतं. त्यांनी वेटरला कच्चे तांदूळ आणायला सांगितले.

"कच्चे?"

"हो हो, कच्चेच. वाटीभर."

मग लिलावातलं ते घड्याळ इंद्रायणी तांदळात पुरून साडू समोर बसले. त्यांना घास गिळवेना. त्या दोघी बहिणी एकमेकींकडे बघायचंही टाळत होत्या, कारण नजरानजर झाली की हसू फुटत होतं.

वाफ गेली, पण उजव्या छोट्या तबकडीत तपकिरी डाग राहिला. मुंबईच्या एका संग्राहक मित्राचा साडूंना फोनवर सल्ला आला, की तबकडीला हात लावू नका. असे डाग शौकिनांना आवडतात, वय दिसतं. घड्याळ फक्त साफ करून आलं.

मागच्या महिन्यात एका साखरपुड्यात साडू एका पाहुण्याला सांगत होते, "हा रंग बनवून येत नाही. त्याला काळच लागतो."

"घोटी ते इगतपुरी, एवढा काळ," मी म्हणालो.

पाहुणे हसले. साडू बाही खाली ओढून जेवणाच्या रांगेकडे निघून गेले. त्यानंतर ते आमच्याकडे जेवायला आलेले नाहीत. वरणभात आम्ही गरम खातो.