बिनतोंडाची टपालपेटी

या किश्शातला शब्द न् शब्द खरा आहे. आमच्या धर्मात शपथ घेऊ नये असं सांगितलंय, म्हणून शपथ न घेता सांगतो; घेता आली असती तर दोन्ही हात वर करून घेतली असती. आता, एक जागा आहे जरा इकडची तिकडे केलेली. अगदी लहानशी. ती कुठली ते शेवटी सांगेन. तोवर चहा प्या आणि मध्ये बोलू नका.

तर चोपड्याच्या आमच्या चर्चसाठी मी एकदा अशी पेटी बनवली, की अख्ख्या खानदेशात तशी पेटी झाली नाही. होऊही नये.

मागच्या मोठ्या लढाईचे दिवस. मी मिशनच्या सुतारशाळेत मास्तर. वय पंचविशीचं, हातात कसब, आणि डोक्यात त्याहून जास्त हवा. आमचे गोरे साहेब रजेवर त्यांच्या देशी गेले ते लढाईमुळे तिकडेच अडकले. जाताना सगळं नीट वाटून गेले होते. उपदेश पाळक याकोबभाऊंनी करायचा, कारभार मुख्य पंच दानियलनानांनी बघायचा, आणि बंगल्यातल्या कोंबड्या मी. टपालाचं मात्र कुणालाच काही सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, टपालाचं एवढं काय? अहो, मंडळीतल्या सगळ्यांची पत्रं 'मिशन, चोपडा' एवढ्याच पत्त्यावर यायची. कुणाचा पोरगा भुसावळला रेल्वेत, कुणाचा धुळ्याला दवाखान्यात, कुणाचा थेट बसऱ्याला लढाईवर. रविवारी उपासना आटोपली की आलेली पत्रं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, ही आमची रीत. वाचता येणारे थोडे, ऐकणारे सगळे. उपदेशाला डुलक्या घेणारा माणूस पत्राला ताठ बसायचा. मग पत्र वाचणाऱ्याचा रुबाब केवढा असेल, तुम्हीच बघा.

याकोबभाऊ म्हणाले, "वाचणं हे पाळकाचं काम."

दानियलनाना म्हणाले, "वाचणं असेल. पोस्टातून आणणं हा कारभार आहे."

"तुम्ही आणता ते आधी उघडून बघता."

"अन् तुम्ही वाचता ते अर्धं गाळून वाचता."

झालं. सकाळी पोस्ट उघडायच्या आधी दोघंही दारात हजर. एकदा मिशनच्या मासिकाचं एक टोक भाऊंच्या हातात आणि दुसरं नानांच्या. त्या महिन्याचा बोध आम्हाला अर्धाच झाला.

यात खरे हाल मार्थाअक्कांचे. त्यांचा एकुलता एक शिमोन बसऱ्याला खेचरांच्या तांड्यावर होता. पावसाळ्यापासून त्याचं पत्र नव्हतं. बाया विहिरीवर कुजबुजायला लागल्या होत्या आणि अक्का आल्या की गप्प व्हायच्या. अक्का रोज सुतारशाळेच्या दारात येऊन विचारायच्या, "मास्तर, मना शिमोनना कागद उना का?" आणि मी दर वेळी रंधा जोरात ओढायचो.

शेवटी सभा भरली. तिच्यात उभा राहिलो तो मी.

"बंधूंनो," म्हटलं, "आपल्या दानपेटीला दोन कुलपं आहेत. एक किल्ली पाळकांकडे, एक पंचांकडे. दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. तशीच टपालाला पेटी करू. रोज पोस्टात न्यायची, टपाल घ्यायचं, आणि रविवारी सगळ्यांसमोर उघडायची. टपाल कुणाच्या हातात पडायलाच नको."

दोघांनाही ही सूचना सारखीच आवडली नाही, म्हणजे न्याय झाला. ठराव पास. पोस्टमास्तरांच्या नावे अर्ज गेला, खाली भाऊंची सही, शेजारी नानांची: मिशनचं टपाल कुणाच्याही हाती न देता पेटीतच टाकावं.

आणि मी कामाला लागलो. सातपुड्याचा जुना साग. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. समोरच्या अंगाला पितळी फुलं, एकेक हातानं ठोकलेलं. कुलपं खास जळगावहून मागवलेली. दानपेटीच्या फटीतून कुणीतरी काडीला बाभळीचा डिंक लावून हात मारला होता, ते मला ठाऊक होतं. म्हणून मी मनाशी ठरवलं, आपल्या पेटीला फटच नको. कुठूनही काडी जाता कामा नये.

रविवारी पेटीवर प्रार्थना झाली. सगळी मंडळी भोवती जमली, हात फिरवला, वाहवा केली. मग उजवं कुलूप कुणाचं आणि डावं कुणाचं यावर दुपार झाली. इतकी माणसं, इतके डोळे, सगळे कुलपांकडे. शेवटी भाऊंनी उजवं लावलं, नानांनी डावं, आणि दोघांनी किल्ल्या कमरेला खोचल्या.

सोमवारी पेटी छकड्यात घालून मी पोस्टात नेली. अक्काही मागे चालत आल्या. पोस्टमास्तर शांत गृहस्थ. त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली.

"काम सुबक आहे, मास्तर."

"हातचं आहे," मी म्हटलं.

"टपाल कुठून टाकू?"

माझ्या आयुष्यात इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पेटी उजवीकडून बघितली, डावीकडून बघितली. भावा-बहिणींनो, पेटीला तोंडच नव्हतं. कुलपं बंद, आत हवा, आणि किल्ल्या दोन वैऱ्यांच्या कमरेला.

तेवढ्यात अक्का पुढे झाल्या. पोस्टमास्तरांच्या हातात एकच पाकीट होतं, लष्कराचा शिक्का असलेलं. वाचता येत नसलं म्हणून काय झालं, तो शिक्का त्यांना पाठ होता.

"तो मना शिमोनना शे."

"तुमच्याच मुलाचा आहे, बाई," पोस्टमास्तर म्हणाले, "पण हा तुमच्या लोकांचा अर्ज. हातात देता येत नाही. मास्तर, पेटीला भोक पाडा ना."

भोक? त्या पितळी फुलांत? मी छकडा तिथेच सोडला आणि किल्ल्या आणायला निघालो.

भाऊ म्हणाले, "आधी नाना निघू देत." नाना म्हणाले, "भाऊ निघाले की सांगा." मग मी माझी ठेवणीतली विद्या काढली. भाऊंना सांगितलं, "नाना केव्हाच पोचले, पेटीजवळ एकटे उभे आहेत." नानांना जाऊन तेच भाऊंचं सांगितलं. उपरणी सावरत दोघं दोन गल्ल्यांतून असे धावत आले, की पोस्टाच्या दारात एकमेकांवर आदळले.

दोन किल्ल्या एकदम फिरल्या. झाकण उघडलं. पोस्टमास्तरांनी अदबीनं पाकीट आत ठेवलं. आणि अक्का हात पुढे करतात न करतात तोच दोघांनी झाकण लावलं, खट, खट, कुलपं लावली, किल्ल्या खोचल्या आणि दोन दिशांना चालते झाले.

मी आणि अक्का एकमेकांकडे बघत राहिलो. मघापर्यंत पत्र पेटीच्या बाहेर होतं. आता आत होतं.

मी नानांच्या मागे धावलो. "नाना, अक्कांचं पत्र—"

"रविवारी. सगळ्यांसमोर. ठराव तुम्हीच मांडलात, मास्तर."

भाऊंनीही तेच सांगितलं, फक्त बायबलातल्या वचनाचा आधार देऊन.

रविवार अख्खा आठवडा लांब. पण आता माझी दूरदृष्टी बघा. पेटी बांधतानाच मी ओळखलं होतं, की ही दोन माणसं कधीतरी असा घोळ घालणार. म्हणून झाकणाच्या बिजागऱ्या मी मुद्दाम बाहेरच्या अंगाला लावल्या होत्या. मागून. पेटी सुतारशाळेत आणली, पेचकस घेतला, चार स्क्रू काढले, आणि समोरची दोन्ही कुलपं शाबूत ठेवून झाकण मागून अलगद वर उचललं.

अक्का भुशाच्या ढिगावर बसल्या. मी पत्र वाचलं. शिमोन खुशाल होता. तिथं ऊन आपल्यासारखंच आहे पण सावलीला झाड नाही, खेचराचं नाव त्यानं चोपडा ठेवलंय, आणि कळण्याच्या भाकरीची फार आठवण येते, असं लिहिलं होतं.

"आखो एकदाव वाच," अक्का म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. मग पुन्हा. त्या दिवशी रंधा काही चालला नाही. मग पाकीट डिंकानं पुन्हा चिकटवलं, जसंच्या तसं आत ठेवलं आणि स्क्रू आवळले.

रविवारी मोठ्या थाटात पेटी उघडली. पत्र एकच, वाचणारे दोन. पुन्हा जुंपणार, तेवढ्यात अक्काच म्हणाल्या, "वरलं भाऊ वाचतीन, खाललं नाना."

भाऊंनी उन्हाचं वाचलं, झाडाचं वाचलं, खेचराचं वाचलं आणि कागद नानांकडे दिला. नाना चष्मा पुसायला थांबले. तेवढा धीर अक्कांना कुठला?

"आते भाकरनं ई," त्या बोलून गेल्या. आता भाकरीचं येईल म्हणे.

नानांनी चष्मा लावला, वाचलं, "कळण्याच्या भाकरीची फार आठवण येते." आणि सगळं चर्च अक्कांकडे वळून बघायला लागलं.

"अक्का," नाना म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

"मायले समजस, नाना."

बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. पुढच्या रविवारी याकोबभाऊंनी आईच्या काळजावर जो उपदेश केला, त्याची आमच्याकडे अजून आठवण काढतात.

त्या दिवसापासून कारभार सुरळीत झाला. पेटीला तोंड नाही, म्हणून भाऊ आणि नाना दोघांना रोज मिळून पोस्टात जावं लागे; जाता-जाता बोलायलाही लागले. आणि पेटी परत आली की अक्का मागून उघडायच्या, मी वाचायचो, आणि ज्याचं त्याला घरोघर कळायचं. रविवारी सगळे नव्यानं ऐकायचे आणि वेळेवर रडायचे. साहेब परत आल्यावर त्यांनी विचारलं, "टपाल कुणाच्या ताब्यात आहे?" भाऊ आणि नाना एकदम म्हणाले, "माझ्या." अक्कांच्या कमरेला पेचकस होता.

पेटी अजून आहे. पितळी फुलं बघा जाऊन, एकही निखळलेलं नाही.

हां, ती जागा राहिली. बिजागऱ्या मी मुद्दाम बाहेर लावल्या, तेवढं खोटं. सगळं लक्ष समोरच्या फुलांत; रविवार तोंडावर आला तसं झाकण घाईत कसंबसं मागून अडकवलं आणि विसरून गेलो. त्या सोमवारी मी पेटीसमोर कपाळाला हात लावून बसलो होतो. अक्का पेटीला पाठ टेकून पलीकडे बसल्या होत्या. त्या एकदम दचकून म्हणाल्या, "मास्तर, आठे मांगे काय टोचस?"

मी जाऊन बघितलं, तर बाहेर राहिलेल्या बिजागरीचा स्क्रू. तिथल्या तिथे म्हटलं, "ते होय? ते मी मुद्दाम ठेवलंय."