उशिरा सुटणारा बार

कप्तानाने क्लबातली आमची नेमबाजीची लेन बंद करायची म्हटली तेव्हा माझ्या नवऱ्याने नुसती मान डोलावली. मला लेन बंद होण्यापेक्षा त्या मान डोलावण्याचा जास्त राग आला. बंद तर बंद, असा चेहरा. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून हा चेहरा मी घरात रोज बघत होते. ऑफिसमधून आला की सोफा, सोफ्यावर फोन, आणि बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीने फोन करून काही विचारलं तरी हूं. महिनोन्‌महिने असं चाललं होतं, आणि त्यातून त्याला शनिवारपुरतं का होईना बाहेर काढणारी एकच गोष्ट उरली होती. तीच आता खलास होणार होती, आणि हा माणूस मान डोलावत होता.

ती गोष्ट म्हणजे ठासणीची बंदूक. आम्ही अजमानला राहतो. मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका रंगाच्या कारखान्यात लॅब सांभाळते, तो एका शिपिंग कंपनीत हिशेब बघतो. अल ऐनच्या अलीकडे वाळूत नेमबाजीचा एक क्लब आहे, तिथे आम्ही बऱ्याच वर्षांपासून जातो. शिकारीचा प्रश्नच नाही, इथे कागदाच्या लक्ष्यावर भागवायचं. ऑपरेशननंतर त्याला रायफल सोडावी लागली, कारण ती खांद्यावर फटका मारते. ठासणीची बंदूक फटका मारत नाही, ढकलते. ते ढकलणं त्या शिवलेल्या खांद्याला चालत होतं.

मूळचा तो सावंतवाडीकडचा. सासऱ्यांकडे रानडुकरांपासून भात राखायला परवान्याची बंदूक होती, त्यामुळे हे सगळं त्याच्या हातात बसलेलं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी घालायची आणि लांब गजाने ती दारूपर्यंत दाबत न्यायची. मग घोड्याखाली तांब्याची बारीक केप. चाप ओढला की केप फुटते, ठिणगी दारूत उतरते आणि बार. मी हे त्याच्याकडूनच शिकले, आणि त्याला न सांगता त्याच्यापेक्षा बरी नेमबाज झाले. त्यालाही ते माहीत आहे.

घोळ सुरू झाला तो क्लबाकडे जुन्या पद्धतीची काळी दारू येणं थांबलं तेव्हा. तिच्या जागी बदली पावडरी आल्या. दिसायला तशाच, पण पेटायला जरा जास्त आच मागणाऱ्या. आणि आमच्या लेनवर बार उशिरा सुटायला लागले. केप फुटायची, मग काहीच नाही, आणि माणूस 'फुसका गेला' म्हणतोय न म्हणतोय तोवर धाड! एकदा नवऱ्याची नळी खाली यायला लागली होती तेव्हाच बार सुटला आणि पुढची वाळू उडाली. कुणाला काही झालं नाही. पण कप्तान, म्हणजे क्लब सांभाळणारा स्थानिक फौजी माणूस, त्या दिवशी पांढराफटक पडला होता.

"मॅडम, ये पावडर में भरोसा नहीं," तो म्हणाला. "सीझन के बाद ये लेन खलास. बंदूक सब दीवार पे."

"पावडर तपासली का कुणी?" मी मराठीतच विचारलं, मग हिंदीत विचारलं. "मैं देखती हूं. सीझन खत्म होने तक टाइम दो. ठीक निकली तो लेन चालू."

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नहीं. पक्का बोलो."

तो हसला आणि पक्का म्हणाला. गाडीत नवरा म्हणाला, "कशाला उगाच डोक्याला ताप?" मी गाडी सुरू केली. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, व्हाय कान्ट यू गाइज जस्ट प्ले कॅरम?"

क्लबाकडे तीन प्रकारचे डबे होते. त्यांवरची लांबलचक नावं माझ्या तोंडी बसेनात, म्हणून मी त्यांना सासू, जाऊ आणि नणंद म्हणायला लागले. "पावडर तपासतेस की सासरची भडास काढतेस?" नवरा म्हणाला. खूप दिवसांनी त्याने माझी टर उडवली होती. मला बरं वाटलं.

पहिल्याच शनिवारी मी लॅबच्या सवयीने वजनकाटा मागितला, तर कप्तानाने हात आडवा घातला. या पावडरी काळ्या दारूपेक्षा हलक्या. वजनावर घेतल्या तर ढीगभर जास्त भरल्या जातात आणि बंदूक फाटायची वेळ येते. काळ्या दारूचं जे मापटं, तेच भरून घ्यायचं, वजन विसरायचं. आयुष्य दशांशचिन्हात गेलेल्या बाईला डाळतांदूळ मोजल्यासारखं मापट्याने मोजायचं म्हणजे शिक्षाच. पण मोजलं.

सासू गंधकाच्या वासाची. पेटायची चांगली, पण मागे अशी काळी खरपुडी ठेवायची की प्रत्येक बारानंतर ओलं फडकं फिरवल्याशिवाय पुढची गोळी खाली उतरायची नाही. जाऊ गोड वासाची, स्वच्छ, साध्या पाण्याने नळी धुऊन निघायची. मात्र धुक्याच्या सकाळी डबा जरा उघडा राहिला की रुसून गोळा व्हायची. नणंद म्हणजे तयार वड्या. मोजायची कटकट नाही, दोन टाकल्या की झालं, पण तिला मोठी केप लागायची, आणि आमच्या जुन्या बंदुकांच्या बारीक केपेवर ती ढिम्म. तिला मी दुसऱ्याच शनिवारी माहेरी धाडली.

नळीतून फिरवलेली फडकी मी लेनमागच्या दोरीवर चिमट्यांनी लावायची. एकीकडे सासूची, एकीकडे जाऊची. येणारेजाणारे हसायचे. हसू देत. काळोखी कुणाची किती, ते लांबूनसुद्धा दिसत होतं. आणि मुख्य म्हणजे बार. सासू असो की जाऊ, माझा बार केप फुटताक्षणी सुटत होता. ऊन असो, धुकं असो, नळी स्वच्छ असो वा घाण. कप्तानाने उडवून बघितले, त्याचेही सुटले. त्या काळात नवऱ्याला मी मागे खुर्चीवर बसवला होता, खांद्याला विश्रांती म्हणून. आम्ही जिंकलो असं मी धरून चालले होते. जाऊ पक्की, डबा झाकून ठेवायचा, लेन चालू.

"यल्ला, अब आप," कप्तान नवऱ्याला म्हणाला.

नवऱ्याने जाऊ भरली, ठासली, नेम धरला. केप फुटली आणि सगळं शांत. मग धाड. कप्तानाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सासू भरा. सासूनेही तेच केलं. पुन्हा जाऊ. या वेळी केप फुटली आणि बार सुटलाच नाही. नळी लक्ष्याकडे धरून तो तसाच उभा राहिला, आम्ही मागे. नियमाने थांबायचा तेवढा वेळ गेल्यावर कप्तानाने हवेच्या दाबाने नळीतला माल बाहेर काढला, तो एका पांढऱ्या ताटात पडला.

त्यात दाणे नव्हते, पीठ होतं.

मी तसंच मापटं माझ्या बंदुकीत भरलं, गोळी दाबली आणि न उडवताच ते बाहेर काढायला लावलं. माझ्या ताटात दाणेच पडले, कण्यांसारखे, जसेच्या तसे. मग नवऱ्याला म्हटलं, "अहो, पुन्हा ठासा बघू एकदा." त्याने गोळी खाली नेली, आणि मग गज उचलून आपटला. पुन्हा आपटला. टण्ण करून गज उसळून हातात आला तेव्हा तो थांबला. कोकणात ठासतात तसंच. गज उसळला की बार पक्का. काळ्या दारूने हे मुकाट्याने सोसलं असेल. या दाण्यांचा भुगा होऊन तो तळाशी घट्ट बसत होता, आणि केपेच्या ठिणगीला आत शिरायला वाटच राहत नव्हती. आमच्या लेनवर बार उशिरा सुटले ते आठवायला लागले, तर सगळे त्याच्याच हातचे.

कप्तान वाट बघत होता. जाऊवर ढकलणं सोपं होतं. नवी पावडर मागवा म्हटलं असतं, त्याने मागवलीही असती, आणि नवऱ्याचा शनिवार आणखी थोडे दिवस टिकला असता. आणि त्याचा गाल त्याच बंदुकीला टेकलेला राहिला असता. ते मला करायचं नव्हतं.

"पावडर ठीक है," मी म्हटलं. "ठासने में गलती है. इनकी."

नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चारचौघांत थोबाडीत मारली होती. "मला बाबांनी असंच शिकवलंय," तो मराठीत म्हणाला. कप्तानाला शब्द कळले नसतील, सूर कळला. तो मऊपणाने म्हणाला, लेन चालू राहील, मॅडमने शब्द पाळला. पण साहेब स्वतः भरणार नाहीत. ही सवय एका दिवसात जात नाही, आणि इथे दुसरी संधी नसते. दुसऱ्या कुणी भरून दिली तर खुशाल उडवावी.

"दुसऱ्याने भरलेली बंदूक मी हातात धरत नाही," नवरा म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

हे त्याच्या घरचं सोवळं. आत काय आहे हे फक्त भरणाऱ्याला माहीत, म्हणून भावाने भरलेली बंदूकही भाऊ उडवत नाही. त्यात चूक काहीच नाही. पण मला तेव्हा समजूतदारपणा सुचत नव्हता. अजमानला पोचलो. पार्किंगमध्ये इंजिन बंद करून मीच म्हटलं, "मी घाबरले होते. तुमचं तोंड फुटलं असतं. रागवायचं तेवढं रागवा, पण मी पुन्हा तेच बोलीन." तो लिफ्टकडे चालायला लागला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. मी एकटी गेले, उडवून आले, आणि घरी आल्यावर त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मुलीला फोनवर सगळं वर्णन केलं. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याची टोपी, पाण्याची बाटली आणि कानात घालायचे बोळे गाडीत टाकली आणि खालून हॉर्न वाजवत बसले. वॉचमन बाहेर आला, वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीत आली. शेवटी तो आला. "तमाशा करायची हौस आहे तुला," म्हणाला आणि सीटबेल्ट लावला.

लेनवर मी आधी माझी बंदूक उडवली. मग त्याची घेतली. तो मागे हाताची घडी घालून उभा होता. मापटं भरलं, ओतलं, गोळी बसवली, गज सावकाश खाली नेला. दाण्यांना टेकल्याचं हाताला कळलं तशी थांबले.

"किती दाबलंस?" मागून आवाज आला.

"बसेपर्यंत."

केप लावायला मी बंदूक पुढे केली. आता तो गज घालून बघेल, नळीत डोकावेल, निदान दोन टोमणे मारेल, असं मला वाटलं. त्याने बंदूक घेतली, केप लावली, दस्ता त्या शिवलेल्या खांद्याला लावला आणि गाल टेकवला.

बार तिथल्या तिथे सुटला.

धूर विरेपर्यंत तो लक्ष्याकडे बघत राहिला. मग मागे न वळताच त्याने बंदूक माझ्याकडे सरकवली.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? दुसरा भर."